सरुबाईनं आडवी केलेली बाटली

"तुमाला राजकारणात कुणी आणलं?" असं कुणी विचारलं की सरुबाई सांगायची, "मला कुणी आणलं न्हाय. मला उचलून ठेवलं. कोपऱ्यात घागर ठेवत्यात तसं." हे सांगताना ती हसायची नाही, आणि ऐकणाऱ्यानं हसलेलंही तिला चालायचं नाही.

शिंगटेवाडी ही गडहिंग्लजच्या अलीकडची, ऊसपट्ट्यातली वाडी. साखर कारखान्याचे चेअरमन विजयसिंह यांना सगळा भाग 'सरकार' म्हणायचा. कुणाचा ऊस आधी तुटणार, कुणाचा वाळत पडणार, कुणाचं पोरगं कामाला लागणार, हे सगळं त्यांच्या बंगल्यावर ठरायचं. १९९२ साली जिल्हा परिषदेत बायकांना जागा राखून ठेवायचा नियम आला, आणि वाडीचा गट नेमका अनुसूचित जातीच्या बाईसाठी निघाला. सरकार खचले नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं, की एखादी गप्प राहणारी, सही करता येणारी बाई बघा. बौद्धवाड्यातल्या दादासोची बायको सातवी शिकलेली होती.

दादासो कारखान्याच्या वजनकाट्यावर हंगामी कामाला. बंगल्यावरून तो परत आला तेव्हा सरुबाई दारात वैरण तोडत बसली होती.

"तुला उभं करायचं ठरलंय," तो म्हणाला.

"कुणी ठरीवलं?"

"सरकारांनी."

"आणि मला इचारायचं कुणाचं काम हुतं?"

दादासो तोडलेली वैरण गोळा करायला लागला. त्याला कायम करतो म्हणून सांगितलं होतं, ते त्यानं बायकोला नंतर सांगितलं. सरुबाईच्या अंगाची आग झाली. तिच्या बापानं धम्म घेतल्यावर मेलेली जनावरं ओढायला नकार दिला होता. त्यापायी गावानं त्यांचं दळण बंद केलं, आणि आई पोरांना जात्यावर दळून भाकरी घालायची. त्या बापाची लेक आता बंगल्यावरच्या हुकमानं उभी राहणार होती. ती विळा टाकून आत गेली, चुलीपुढं बसून राहिली. मी नको म्हटलं तर सरकारांना दुसरी घागर सापडंल, त्यापरीस मीच जातो, असा तिनं विचार केला. राग गिळून ती उभी राहिली आणि निवडून आली.

कोल्हापुरात जिल्हा परिषदेच्या पहिल्या सभेला निम्म्या बायकांच्या शेजारी त्यांचे नवरे बसले होते. दादासोही इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. एक अधिकारी वाकून त्यालाच विचारायला लागला, "शिंगटेवाडीच्या मॅडमचं काय म्हणणं आहे?"

"मॅडम हितं बसल्यात," सरुबाई म्हणाली. "त्यास्नी जीभ हाय." मग नवऱ्याकडं वळून म्हणाली, "तुमी भाईर जावा. च्या पिऊन या."

सगळ्या सभागृहासमोर दादासो उठून गेला. त्यानंतर कितीतरी दिवस तो घरात तिच्याशी बोलला नाही. सरुबाईनंही समजूत काढली नाही. शेवटी तोच एकदा म्हणाला, "मला सभेत न्यायचं न्हवतं तर घरातच सांगायचं हुतं की." ती म्हणाली, "घरात सांगितलं असतं तर तुमी ऐकलं असतं व्हय?" यावर त्याला हसू आलं आणि भांडण मिटलं. पण तो परत कधी सभेला गेला नाही.

पुढची सात वर्षं तिनं शाळांच्या खोल्या, अंगणवाड्या, पाण्याच्या टाक्या यांच्या मागं पायपीट केली. लोकांना ती माहीत झाली. १९९९ साली विधानसभेचा राखीव मतदारसंघ म्हणून सरकारांना परत एक नाव लागलं. घागर अजून आपल्याच कोपऱ्यात आहे असं त्यांना वाटत होतं. सरुबाई आमदार झाली.

विधानसभेतला तिचा पहिला प्रश्न एसटी स्टँडवरच्या बायकांच्या संडासांचा होता. तालुक्यातालुक्याला संडास बांधलेत, उद्घाटनं झालीत, आणि त्यांना कुलपं आहेत, असं तिला विचारायचं होतं. ती उठली आणि म्हणाली, "अध्यक्ष महोदय, मी विचारतो..."

सभागृहात खसखस पिकली. कोल्हापूरकडं बायकासुद्धा 'मी येतो, मी जातो' म्हणतात, हे त्या हसणाऱ्यांना माहीत नव्हतं असं नाही. कुणीतरी बसल्या जागेवरून म्हणालं, "सन्माननीय सदस्य की सदस्या?" परत हशा झाला.

सरुबाई हसणं थांबेपर्यंत उभी राहिली. "आमच्याकडं बायका असंच बोलत्यात," ती म्हणाली. "आता मी विचारतो, ते ऐका."

दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात चौकट आली. चौकटीत तो विनोद होता. संडासाचं एक अक्षर नव्हतं. आमदार निवासात तो पेपर वाचून तिनं त्याचा बोळा केला. बायकांनी अंधार पडायची वाट बघत पोटं आवळून बसायचं, आणि ह्यांना व्याकरण दिसतंय, असं तिच्या डोक्यात दिवसभर घणासारखं वाजत राहिलं. त्यानंतर ती सभागृहात मुद्दाम 'मी विचारतो'च म्हणायची, आणि आधीपेक्षा मोठ्यानं.

पुढं मंत्रिमंडळ वाढवायचं ठरलं. पक्षाला एक बाई दाखवायची होती आणि एक दलित दाखवायचा होता. सरुबाईला घेतलं की दोन्ही कामं भागत होती. तिला राज्यमंत्री केलं. हे गणित तिला कळत नव्हतं असं नाही. पण त्या भागातून लाल दिव्याच्या गाडीत बसलेली ती पहिलीच बाई होती, आणि गाडी बौद्धवाड्यात शिरली तेव्हा म्हाताऱ्याकोताऱ्यांनी जयभीम घालून डोळ्याला पदर लावला. त्या दिवशी तिचा राग थोडा वेळ कुठं गेला कुणास ठाऊक.

तो राग संध्याकाळच्या आत परत आला. सरकारांनी बंगल्यावर मंत्रीबाईंचं जेवण ठेवलं होतं. तांबडा-पांढरा रस्सा, सुकं मटण, सगळा थाट होता. बाकीच्या पाहुण्यांपुढं घरातली जुनी जड ताटं होती. सरुबाईपुढं कोरं करकरीत ताट आलं. "मंत्रीबाईंसाठी खास नवीन आणलंय," सरकारांच्या मंडळी म्हणाल्या. ताटाच्या पाठीला दुकानाची चिठ्ठी तशीच चिकटलेली तिच्या बोटांना लागली. मान म्हणून दिलंय की आणखी कशासाठी, ते तिला त्या वेळी उमगलं नाही. जेवण मात्र गोड लागलं नाही.

बंगल्यावर अंगण-गोठा झाडायला बनाबाई होती, सरुबाईच्याच गल्लीतली, तिच्या बरोबरीनं नांदायला आलेली. काही दिवसांनी बनाबाई म्हणाली, "तुझं ते ताट माझ्या घरी हाय, सरू. तू गेल्यावर वैनीसाहेब म्हणाल्या, हे घेऊन जा, आता हितं कशाला. आणि वाटी, तांब्यासुदीक."

 त्या दिवसापासून सरुबाईनं सरकारांच्या बंगल्यावर पाण्याचा घोटही घेतला नाही. सरकारांच्या ध्यानात आलं. त्यांना वाटलं, बाईला लाल दिवा चढलाय.

शिंगटेवाडीत शाळेच्या रस्त्याला देशी दारूचं दुकान होतं. परवाना सरकारांचा मेहुणा सयाजी याच्या नावावर. सकाळी शाळेची घंटा व्हायच्या आधी दुकानाचं शटर वर जायचं. मजुरीचे पैसे हातात पडले की माणूस आधी तिकडं वळायचा. बायका मार खायच्या, भांडीकुंडी विकली जायची. सरुबाईला हे सगळं माहीत होतं. आमदार झाल्यावर तिनं दोनदा अधिकाऱ्यांना सांगून बघितलं. अधिकारी 'बघतो मॅडम' म्हणाले आणि त्यांनी बघितलं नाही. तीही मुंबईच्या कामात गुंतली.

मग बनाबाईचा थोरला लेक त्या दुकानामागच्या ओढ्यात पडून मेला. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, लग्न झालेला. सरुबाई मुंबईहून तशीच भेटायला आली. घरात बायका दाटीनं बसल्या होत्या. मंत्रीबाई आल्या म्हणून कुणीतरी सतरंजी टाकायला लागलं. बनाबाई भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती.

"तू लाल दिव्यात फिरतीस," ती म्हणाली, "आणि माझं पोरगं वड्यात पडून मेलं. काय उपेग तुझा?"

 दादासोनं काहीतरी सावरायला तोंड उघडलं, तर सरुबाईनं हातानं त्याला थांबवलं.  ती सतरंजी बाजूला सारून जमिनीवर बसली. इतके दिवस ती लोकांवर रागवत आली होती. त्या दिवशी पहिल्यांदा तिला स्वतःचा राग आला, आणि तो सगळ्यात वाईट होता, कारण त्याला कुठं ढकलायची सोय नव्हती.

दारूचं दुकान बंद करायला गावातल्या बायकांनी मतदान करायचं, अशी सोय तेव्हा झाली होती. चिठ्ठीवर दोन चित्रं, एक उभी बाटली आणि एक आडवी. मतदार यादीत जितक्या बायका, त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तरच दुकान बंद. जी बाई मताला आलीच नाही, ती आपोआप उभ्या बाटलीची. सरुबाईनं बायकांना सह्या गोळा करायला लावल्या आणि मतदानाची तारीख लागेपर्यंत तहसीलदाराचा पिच्छा सोडला नाही.

सरकारांनी बोलावून घेतलं. राज्याची मंत्री झाली तरी ते तिला अगंतुगंच करायचे.

"सरू, दुकानाचं काय काढलंयस? ते घरचं हाय आपलं."

"तुमचं घरचं हाय ते. आमच्या घरची मढी हायत."

"तुला कुणी उभं केलं, इसरलीस?"

"न्हाय इसरलो. म्हणून तर उभी हाय."

 सरकार म्हणाले, "बरं. करा तुमचं मतदान." त्यांनी आवाज चढवला नाही, तेव्हाच सरुबाईला धोका कळायला हवा होता.

मतदानाच्या दिवशी सकाळी शाळेत शुकशुकाट होता. बौद्धवाड्यातल्या बायका तेवढ्या रांगेत. बाकीच्या गेल्या कुठं म्हणून सरुबाई चौकशी करायला लागली, तर एका म्हातारीनं सांगितलं, की पहाटेपासून भाड्यानं माणसं नेणाऱ्या वडापच्या जीपगाड्या लागल्यात. सरकारांकडून बायकांना नरसोबाच्या वाडीचं फुकट दर्शन, परत येताना जेवण आणि एकेक साडी.

सरुबाईनं गाडी फिरवायला लावली आणि पुलावर आडवी घातली. वर लाल दिवा फिरत होता. शेवटच्या दोन जीपगाड्या तिथं अडकल्या. आत बायका दाटून बसलेल्या, केसांत गजरे, मांडीवर पोरं.

"उतरा," सरुबाई म्हणाली. "देव काय आज उठून चाललाय? उद्या जावा. आज मत द्या."

कुणी हललं नाही. पुढं बसलेली शालूबाई, चांगल्या बागायतदाराच्या घरातली, खाली बघत म्हणाली, "बाई, आमाला काय कळत न्हाई व्हय? आमच्या घरात बी त्येच हाय. पण मालकानं बसवलंय गाडीत. न्हाई गेलो तर उसाला तोड मिळायची न्हाई. उभा ऊस वाळला तर तुमी येणार हाईसा व्हय?"

"सरकार काय तुमचा सगळा ऊस जाळतील?"

"जाळायला कशाला पायजे? तोडला न्हाई की झालं."

सरुबाईला वाटलं, हिला दंडाला धरून ओढून काढावं. तिचा हात पुढं झालाही होता. पण शालूबाईच्या कानामागं काळंनिळं पडलेलं तिला दिसलं, आणि तिनं हात मागं घेतला. पाच-सहा जणी उतरल्या. बाकीच्या तशाच बसून राहिल्या, आणि मागून हॉर्न वाजवणाऱ्या गाड्यांपायी सरुबाईला पूल मोकळा करावा लागला.

गाडीत न बसलेल्या, शेतावर गेलेल्या बायका दुपारनंतर येत राहिल्या, तरी आडवी बाटली थोडक्यात हरली. निकालानंतर सरुबाईनं यादी हातात घेतली आणि तिचं डोकं भणभणलं. यादीत मेलेल्या बायका होत्या. लग्न होऊन मुंबई-पुण्याला गेलेल्या पोरी होत्या. तिची स्वतःची सासू होती. ती मरून कैक वर्षं झाली होती. दारू पिऊन आलेल्या नवऱ्यानं तिचा हात मोडला होता, तो शेवटपर्यंत वाकडाच राहिला. त्या बाईचं मत उभ्या बाटलीच्या बाजूला धरलं गेलं होतं.

आठवडा उलटायच्या आत मुंबईहून फोन आला. राजीनामा द्या म्हणाले.

"कारण काय?"

"पक्षाची अडचण आहे, ताई. समजून घ्या."

"समजलं. फक्त तुमच्या तोंडनं ऐकायचं हुतं."

तिनं राजीनामा दिला. सरकारी गाडीनं घरी सोडतो म्हणाले तर तिनं ऐकलं नाही. एसटीनं आली. कोल्हापूर स्टँडवर एका ओळखीच्या कंडक्टरनं जागा करून दिली आणि गडहिंग्लजपर्यंत तो तिच्याशी काय बोलावं ते न सुचल्यामुळं पावसापाण्याचंच बोलत राहिला.

२००४ ची विधानसभा आली. तिला तिकीट मिळणार नाही हे ठरलेलंच होतं. कुणाला मिळणार, हे मात्र तिला पेपरात वाचावं लागलं. तिच्या मुलाला, प्रसेनजीतला. तो इंजिनिअरिंगचा डिप्लोमा करून कारखान्याची बांधकामं घेत होता. संध्याकाळी तो घरी आला. दादासो ओसरीला बसला होता, तो उठून गोठ्यात गेला.

"मला सांगायला तुला जीभ न्हवती?" सरुबाई म्हणाली.

"सांगितलं असतं तर तू घेऊ दिलं असतंस?"

"न्हाय."

"आई, मी नको म्हटलं तर ते दुसऱ्या कुणाला देतील. त्यापेक्षा मी घेतलेलं काय वाईट?"

 हेच शब्द सरुबाईनं चुलीपुढं बसून स्वतःला सांगितले होते. त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं, पण ओरडायचं कुणावर ते कळेना. "जेवून जा," एवढंच ती म्हणाली. त्याच्या प्रचाराला ती एकदाही बाहेर पडली नाही. विरोधातही बोलली नाही. तो निवडून आला आणि बायकोपोरं घेऊन कोल्हापूरच्या फ्लॅटात राहायला गेला.

सरुबाईनं परत मतदान मागितलं. यावेळी आधी यादी. बनाबाई, ती आणि आणखी काही बायका घरोघर फिरल्या. कोण मेलं, कोण नांदायला गेलं, सगळं विचारून घेतलं. तहसील कचेरीत मात्र 'माजी' मंत्र्याला खुर्ची नव्हती. साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या, असं ऐकून ऐकून बायकांचे हेलपाटे झाले. एक दिवस सरुबाईनं कचेरीच्या पायरीसमोर तीन दगड मांडले आणि चूल पेटवली. बनाबाईनं परातीत पीठ घेतलं. बायका भाकरी थापायला लागल्या. धूर सरळ साहेबांच्या खिडकीत जात होता.

"मॅडम, हे काय चालवलंय तुम्ही?" साहेब बाहेर आले.

"उद्या या म्हणताय न्हवं रोज? मग म्हटलं ऱ्हातोच. सारखं जाण्या-येण्यात आमच्या बायकांची मजुरी बुडती."

त्या आठवड्यात मेलेल्या बायकांची नावं निघाली.

दुसऱ्या मतदानाला सरकारांनी परत जीपगाड्या लावल्या. पण त्या वर्षी शालूबाईचा नवरा पोटात पाणी होऊन सरकारी दवाखान्यात पडला होता, आणि तिला गाडीत बसवायला घरात कुणी नव्हतं. ती रांगेत येऊन उभी राहिली. तिला बघून तिच्या भावकीतल्या बायका आल्या. आडवी बाटली चांगल्या फरकानं जिंकली. सयाजीचं शटर खाली आलं, तेव्हा बनाबाई त्याच्यासमोर उभी होती. नुसती बघत होती. सरुबाईनं तिला घरी नेलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी होती, 'आमदारांच्या प्रयत्नांना यश'. वर प्रसेनजीतचा फोटो. आणि त्याहून पुढं म्हणजे, सरकारांनी व्यसनमुक्त गावाचा सत्कार समारंभ ठेवला. सरुबाई गेली. व्यासपीठावर मधे सरकार, शेजारी तिचा मुलगा, आणि पहिल्या रांगेत सयाजी फेटा बांधून बसलेला. शाल घेऊन सरकार पुढं आले. सरुबाईनं शाल घेतली नाही, माईक घेतला.

"ह्या दुकानाचा मालक पहिल्या रांगेत बसलाय," ती म्हणाली. "त्याला दुकान लावून देणारा माझ्या शेजारी उभा हाय. बनाबाईचा ल्योक कुठं हाय, ते ह्या दोघांस्नी इचारा."

कुणीतरी माईक बंद केला. ती बोलत राहिली. मागच्या बायकांना ऐकू येईना म्हणून त्या उठून पुढं सरकल्या, खुर्च्यांच्या रांगा मोडून सरकल्या. प्रसेनजीत हात जोडून "आई, बस कर" म्हणत होता. तिनं पोटात होतं ते सगळं सांगितलं, ताटाचंही सांगितलं, आणि खाली उतरून चालत घरी गेली.

प्रसेनजीत त्यानंतर वर्षभर वाडीत आला नाही. दादासोला हे फार लागलं. तो कधी कधी कोल्हापूरला नातवंडं बघून यायचा आणि पोरं कशी बोलतात ते तिला सांगायचा. ती मान खाली घालून ऐकायची.

सयाजीनं ओढ्यापलीकडं, शेजारच्या गावच्या हद्दीत दुकान टाकलं. वाडीतले गडी पाच मिनिटं जास्त चालायला लागले, एवढाच फरक. हे कळलं तेव्हा सरुबाईनं हातातली कळशी अंगणात आपटली. दुसऱ्या दिवशी ती आणि बनाबाई ओढा ओलांडून त्या गावात गेल्या. एका घराच्या कट्ट्यावर बायका जमल्या. एक तरणी बाई, कडेवर पोर घेतलेली, तिला निरखत म्हणाली,

"तुमी मंत्री हुता न्हवं?"

"हुतो."

"मग तवाच का न्हाई बंद केलं समदं?"

बनाबाईनं दचकून सरुबाईकडं बघितलं. सरुबाईच्या कपाळावरची शीर उठली होती. प्रश्न खरा होता, म्हणूनच तो झोंबला. तिनं चपला काढल्या आणि कट्ट्यावर बसून घेतलं.

"तवा पाडलं मला," ती म्हणाली. "बसा. कसं पाडत्यात ते सांगतो."